तिसऱ्या खुर्चीचा सूट

२८ एप्रिल २००१ रोजी डेनिस टिटो नावाचे साठ वर्षांचे गृहस्थ बैकानूरहून अंतराळात गेले. स्वतःच्या पैशाने अंतराळ स्थानकावर जाणारे ते पहिलेच. तेव्हा सगळी चर्चा झाली ती त्यांनी मोजलेल्या सुमारे दोन कोटी डॉलर्सची. माझं लक्ष मात्र (धंद्याची सवय, दुसरं काय!) त्यांच्या सूटकडे.

त्याचं नाव 'सोकोल', म्हणजे ससाणा. मॉस्कोजवळच्या 'झ्वेझ्दा'ने बनवलेला, वजन जेमतेम दहा किलो. हा घालून यानाबाहेर पडता येत नाही. उड्डाण आणि परतीच्या वेळी यानातली हवा गेलीच, तर जीव वाचावा एवढ्यासाठी तो.

त्याच्या जन्माची गोष्ट दुःखद आहे. ३० जून १९७१ रोजी सोयूझ-११ परतताना, यानाचे भाग सुटे होत असताना, एक छोटीशी झडप वेळेआधीच उघडली. उंची सुमारे १६८ किलोमीटर. यान पॅराशूटवर व्यवस्थित उतरलं, पण आत दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह तिघेही मरण पावले होते. अंगात सूट नव्हते, कारण सूट घालून तिघं बसतील एवढी जागाच नव्हती!

१९७३ च्या सोयूझ-१२ पासून सोकोल आला, पण माणसं तिनाची दोन झाली. तिसरी खुर्ची परत मिळाली १९८० मध्ये, सोयूझ-टी आणि सुधारित 'सोकोल केव्ही-२' बरोबर. १९८४ साली आपल्या राकेश शर्मांच्या अंगात हाच सूट होता. टिटोंना जागा मिळाली तीही या तिसऱ्या खुर्चीमुळेच.

आता गंमत बघा. सूटमध्ये शिरायचं ते छातीवरच्या फटीतून. मग आतलं हवाबंद अस्तर पिशवीच्या तोंडासारखं गोळा करायचं, पिळायचं आणि चक्क रबरबँडने घट्ट बांधायचं! वरून झिप. हातमोजे लावायचे, हेल्मेटची काच खाली घ्यायची, सूट फुगवून गळती तपासायची. शिवण गुडघे पोटाशी घेऊन बसण्याच्या बेताची, म्हणून जमिनीवर सगळेच जरा वाकून चालतात.

शटलवर्थ (२००२), ओल्सन (२००५), अनुशेह अन्सारी (२००६) अशा पुढच्या प्रवाशांनाही हाच सूट, हेच रबरबँड. पैसे भरून खुर्ची मिळते, गळतीच्या चाचणीतून सूट मिळत नाही.

असो. लॅबमध्ये रात्री उशीर झाला की "गळती उद्या तपासू" असं माझ्याही मनात येतं. मग ती झडप आठवते, आणि मी मुकाट्याने पंप चालू करतो.