बाप्तिस्म्यानंतरचा हिशेब

तुम्ही वीर स्टेशनच्या फलाटावर उभे आहात. पाऊस नुकताच ओसरलाय, रुळांकडेची लाल माती अजून ओली आहे. कोकण रेल्वेची गाडी इथवर आली ती 1993 साली. त्याआधी एसटी होती, आणि त्याही आधी सावित्रीच्या खाडीतून बाणकोटपर्यंत गलबत. त्या बाणकोटला 1823 साली स्कॉटिश मिशनने कोकणातले आपले काम सुरू केले, पुढे शाळाही काढल्या. पण तुम्हांला भेटायचे आहे ते कोकणातच जन्मलेल्या एका माणसाला. समोरच्या पॅसेंजरमध्ये चढा.

डबा हलतो तसे साल मागे सरकते. आता 1893 च्या आसपासचा काळ आहे. नाकात दगडी कोळशाचा धूर जातो. गाडी नागपूरहून राजनांदगावकडे निघाली आहे. समोर तिशीतला एक ब्राह्मण बसलाय. नारायण वामन टिळक, जन्म 1861, गाव करजगाव, जिल्हा रत्नागिरी. कवी आहे, संस्कृतचा जाणकार आहे आणि मनातून अस्वस्थ आहे. जातिभेद नसलेला, सगळी माणसे भाऊ मानणारा एखादा नवा धर्म आपणच काढावा, इथवर त्याचा विचार गेलेला आहे.

शेजारच्या गोऱ्या प्रवाशाशी त्याचे बोलणे काव्यावरून सुरू होते आणि धर्मावर येते. उतरण्याआधी तो प्रवासी त्याच्या हाती नवा करार ठेवतो आणि सांगतो, हे मनापासून वाचलेत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचण्याचा शब्द देतात. त्या प्रवाशाचे नाव त्यांना पुढे कधीच कळले नाही.

आता त्यांच्या मागे उभे राहा आणि वाचताना पाहा. सुरुवातीची पाने मनाला भिडत नाहीत, तरी दिलेल्या शब्दाला जागून ते वाचत राहतात. मग येते डोंगरावरचे प्रवचन, आणि ते पुस्तक खाली ठेवत नाहीत. तिथे देवाला नैवेद्य काय दाखवला याची चौकशी नाही. चौकशी आहे ती भावावर धरलेल्या रागाची आणि दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ शोधणाऱ्या आपल्याच डोळ्याची. ज्याला दुसऱ्यांसाठी धर्म काढायचा होता, त्याला ही पाने स्वतःकडे पाहायला लावतात. तुकाराम त्याच्या आधीपासून ओळखीचा होता, आणि अभंगांतली ती स्वतःला न सोडणारी उलटतपासणी इथे त्याला पुन्हा भेटते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत.

10 फेब्रुवारी 1895, रविवार. मुंबई, भेंडीबाजारातले अमेरिकन मिशनचे देऊळ. टिळकांचा बाप्तिस्मा होतो, आणि तो देतात रेव्हरंड तुकाराम नथोजी. हा संस्कार एका देशी माणसाच्या हातून होतो आहे, हे ध्यानात ठेवा. अनेक चरित्रे इथेच कळसाला पोचतात. तुम्ही मात्र थांबू नका, खरी परीक्षा इथून पुढे आहे.

या बदलाची किंमत आधी दुसऱ्याच कुणीतरी मोजली. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळे सांभाळून, चूल वेगळी आणि पाणी वेगळे ठेवून. त्यांच्या घरातल्या एका रात्री तुम्ही कोपऱ्यात बसा. बाई जाग्या आहेत. जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसांत तर पुरुष आणि बाई एवढाच भेद दिसतो. मग बाकीचे कुणी केले? त्यांच्याशी वाद घालायला कुणी मिशनरी तिथे नाही, की समजूत काढायला नवराही नाही. प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचे. आणि उत्तर सापडल्यावर त्या त्यावर प्रवचन देत नाहीत, कुणाच्याही हातचे खायला-प्यायला लागतात. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ओलांडायचे ते त्यांनी आधीच ओलांडले होते. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आजही ताजे वाटते ते या सचोटीमुळे. त्यात बाई स्वतःला कुठेही सवलत देत नाहीत.

आता पुन्हा कोकणात या, पोलादपूर मागे टाका, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठा आणि पलीकडे साताऱ्याला उतरा. साल 1917. टिळक पंचावन्न वर्षांचे आहेत. ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे काम, घरोघरच्या भजनांत पोचलेली पदे, मिशनचा पगार, मानसन्मान, सगळे पदरात आहे. आणि याच वयात ते पुन्हा हिशेबाला बसतात. आपण ख्रिस्ताचे शिष्य आहोत की मिशनचे नोकर? आपला ख्रिस्त या मातीतला झाला का? ते मिशनची नोकरी सोडतात आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारतात. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तिथे जागा आहे. 9 मे 1919 रोजी ते गेले. दरबार रुजायला वेळच मिळाला नाही. ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे काव्य ‘ख्रिस्तायन’ही अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. आपण अजून फार उणे आहोत, हा त्यांच्या एका भजनाचा भाव आहे, आणि तो एका विजयी धर्मांतरिताचा नव्हे, शेवटपर्यंत स्वतःला तपासणाऱ्या माणसाचा आहे.

घाट उतरून आता महाडला या. 20 मार्च 1927. अस्पृश्यांना ज्याचे पाणी नाकारले जात होते त्या चवदार तळ्याच्या काठी डॉ. आंबेडकर ओंजळीने पाणी घेतात, मागून हजारो हात पाण्यात उतरतात. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने 1924 सालीच केला होता. तरीही पुढे त्याच पाण्यात पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले गेले. ठराव कागदावर होता, मने होती तिथेच होती. लक्ष्मीबाईंनी रात्री अंथरुणात जो प्रश्न सोडवला, तो भर दिवसा अख्ख्या गावाला सुटला नाही.

महाडची ही गोष्ट ख्रिस्ती गोष्ट नाही, पण प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ती वाचावी. बाप्तिस्म्याचा दाखला हाही एक ठरावच आहे. लग्न जमवताना जात विचारली जात असेल, मंडळीत कुणाला पुढे बसवायचे हे ऐपतीवरून ठरत असेल, तर तो ठराव अमलात आलेला नाही. प्रभुभोजनाला येण्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले आहे. शेजाऱ्याची परीक्षा करा, असे तो तिथे सांगत नाही.

तेव्हा या रविवारी देवळात जाण्याआधी दहा मिनिटे स्वतःशी बसा. विश्वासामुळे माझ्या आयुष्यात नेमके काय बदलले, असे विचारा आणि एक तरी गोष्ट नाव घेऊन सांगा. सांगता आली नाही, तर सुरुवात तिथूनच करा.