गुंगी औषधाची की पाण्याची?

पिंगळीच्या जुन्या बारवेच्या पायऱ्या ज्यांनी उतरल्या आहेत, त्यांना पाण्याचे मोल आम्ही काय सांगावे! परंतु हेच पाणी शरीरात साठून राहिले तर बाधते, आणि कधी कधी त्याला शामक औषधे कारण होतात. हे वैद्यकास उमगावयास विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी एक अंतःस्राव रक्तात सोडते. त्याच्या आज्ञेने मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. रक्त खारट झाले की हा स्राव वाढतो, हे केंब्रिजच्या व्हर्नी यांनी १९४७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून मांडले. पुढे १९५७ साली अमेरिकेत श्वार्ट्झ, बार्टर आणि त्यांचे सहकारी यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन रुग्ण वर्णिले. त्यांच्या रक्तातील सोडियम घटले होते, तरी ते लघवीवाटे जातच होते. गरज नसताही हा स्राव चालू राहत असावा, असे अनुमान त्यांनी काढले. वरणात पाणी वाढत गेले, तर ते अळणी होणारच!

त्याच सुमारास शामक औषधांचे युग उजाडत होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे ठेवला. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन दिले. सर्पगंधेवर आम्ही येथे ठपका ठेवीत नाही. परंतु क्लोरप्रोमाझिनच्या कुळातील काही औषधे, अमिट्रिप्टिलिन आणि कार्बामाझेपिन घेणाऱ्यांत सोडियम घटल्याच्या नोंदी पुढे होऊ लागल्या. दोष औषधाचा की आजाराचा, हे ठरविणे सोपे नव्हते. कारण काही मनोरुग्ण मुळातच अतोनात पाणी पितात.

हा इतिहास आपल्या घराशी येऊन भिडतो. रक्तातील सोडियम दर लिटरला साधारण १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असते. ते उतरले की म्हातारे माणूस सुस्तावते, बरळते, तोल जाऊन पडते, आणि आपण म्हणतो, "गोळीची गुंगी आहे, उतरेल." ते फार उतरले, तर झटके येतात, प्राणावरही बेतते. रक्ताची एक साधी तपासणी हा भेद दाखविते. अशा वेळी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, मिठाचे पाणीही पाजू नये. कारण सोडियम घाईने वाढविले तरी मेंदूस इजा होते. चालू असलेल्या सर्व गोळ्या बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि सोडियम तपासावयाचे काय, एवढे विचारावे.