तारापूर परिसरातील खाडीचे जलपरीक्षण

पालघर जिल्ह्यात बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी ज्या नाल्यांतून व नवापूर-दांडी खाडीतून समुद्राला मिळते, तेथील पाण्याची व जीवसृष्टीची तपासणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले.

नमुन्याची वेळ निर्णायक असते. भरतीचे पाणी सांडपाणी पातळ करते. खरी स्थिती ओहोटीलाच उघडी पडते. जैवरासायनिक प्राणवायू मागणी २७° से. तापमानाला ३ दिवसांत मोजतात. रासायनिक प्राणवायू मागणी मोजताना मात्र खारेपणा घात करतो: क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण होऊन आकडा फुगतो, म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालून क्लोराइड बांधून ठेवावे लागते. बाटलीतल्या पाण्यापेक्षा तळाचा गाळ अधिक विश्वासार्ह साक्षीदार. त्यातले शिंपले, खेकडे हटून कॅपिटेलासारखे वलयी कृमी माजले, तर सेंद्रिय भार जुना समजावा.

अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हे प्रदूषण राष्ट्रीय हरित लवादापुढे नेले. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषक उद्योगांना व सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भरपाई ठोठावली.