पदवी स्तरावरील कला व स्थापत्य इतिहासाचे अध्ययन : घाटकोपर परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

इतिहास हा विषय घेऊन बी.ए. करणारा मुंबई उपनगरातील विद्यार्थी उत्तर कोकणच्या शिलाहारांची वंशावळ परीक्षेत बिनचूक लिहितो. परंतु शिलाहारकालीन मंदिरासमोर उभा केला असता पीठ, जंघा आणि शिखर हे भाग त्याला बहुधा वेगळे ओळखता येत नाहीत. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी त्याच मंदिराचा तलविन्यास काटेकोरपणे काढतो. पण द्वारावरील शिलालेखाशी त्याचा परिचय नसतो. चित्रकलेचा विद्यार्थी मूर्तीचे रेखाटन उत्तम करतो. ती तेथे का कोरली गेली हा प्रश्न मात्र त्याच्या अभ्यासक्रमात क्वचितच येतो. एकाच वास्तूकडे पाहणाऱ्या या तीन दृष्टी मुंबईत परस्परांपासून कशा दुरावल्या आणि पदवी स्तरावर त्या पुन्हा एकत्र आणता येतील काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी घाटकोपर हा परिसर आधारभूत मानला आहे.

तीन वाटांचा उगम

या फारकतीचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. १८५७ या एकाच वर्षी मुंबई विद्यापीठ आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले कलाविद्यालय अशा दोन संस्था सुरू झाल्या. विद्यापीठाने ग्रंथ, भाषा आणि परीक्षा यांचा मार्ग धरला. कलाविद्यालयाने हाताच्या कौशल्याचा. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स या विद्यालयात अध्यापक म्हणून आले. ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांतील अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडन येथे आगीत नष्ट झाल्या. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या सजावटीतही या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. अजिंठा ज्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिला, त्यांना इतिहासाची पदवी मात्र नव्हती.

वास्तुशास्त्राचा पूर्ण अभ्यासक्रम याच संस्थेत १९१३ मध्ये सुरू झाला आणि १९५२ मध्ये तो विद्यापीठाशी संलग्न झाला. त्याचे ध्येय व्यावसायिक असल्याने स्थापत्याचा इतिहास तेथे पूरक विषय म्हणून राहिला. दुसरीकडे फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये सेंट झेवियर महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. पुढे प्राचीन भारतीय संस्कृती या विषयाद्वारे झेवियर, साठये अशा मोजक्या महाविद्यालयांत मूर्ती व लेणी बी.ए.च्या वर्गात आली. तथापि ‘कला व स्थापत्य इतिहास’ या नावाचा स्वतंत्र मुख्य विषय सर्वसाधारण कला महाविद्यालयांत रुजला नाही. व्हिएन्ना विद्यापीठात कलेतिहासाचे अध्यापन १८५२ मध्ये सुरू झाले होते आणि लंडनची कोर्टोल्ड संस्था १९३२ मध्ये या विषयासाठीच स्थापन झाली. भारतात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९५० मध्ये सुरू झालेल्या ललित कला विद्याशाखेत कलानिर्मिती व कलेतिहास यांना एका छताखाली आणले. मुंबईत ही सांगड विद्यापीठीय पातळीवर घातली गेली नाही.

अंबरनाथचा धडा

या फारकतीमुळे काय गमावले जाते, हे अंबरनाथच्या शिवमंदिराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १८६८ मध्ये सरकारच्या आदेशाने मुंबईच्या कलाविद्यालयातील मंडळी तेथे गेली. त्यांनी मंदिराची मोजमापे घेतली, रेखाचित्रे काढली आणि शिल्पांचे साचे घेतले. याच सुमारास मंदिराच्या उत्तर द्वाराच्या तुळईवरील शिलालेख अभ्यासकांच्या चर्चेत आला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील वर्ष शके ७८२, म्हणजे इ.स. ८६० असे वाचले. पुढे त्यांचेच सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे वाचन दुरुस्त करून शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असे निश्चित केले आणि तेच मान्य झाले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय २०० वर्षांनी बदलले.

पदवीच्या वर्गात या प्रसंगाचे महत्त्व मोठे आहे. अंबरनाथचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. त्यावर उभ्या पट्ट्यांच्या मधल्या भागात लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने रचलेल्या आहेत. माळव्यात उदयपूर येथील उदयेश्वर मंदिर याच पद्धतीचे असून तेही अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. म्हणजेच अंकाचे वाचन आणि शिखराची घडण एकमेकांस दुजोरा देतात. असा दुजोरा मिळण्यासाठी लेख वाचणारा आणि शिखर पाहणारा यांचा संवाद आवश्यक असतो. हा संवाद एकाच विद्यार्थ्याच्या मनात घडवून आणणे, हेच कला व स्थापत्य इतिहास या मुख्य विषयाचे प्रयोजन होय.

घाटकोपर : अध्ययनकेंद्र म्हणून

असे अध्ययन उपनगरात शक्य आहे काय, अशी शंका घेतली जाते. घाटकोपर पश्चिमेस रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालय १९६३ पासून कार्यरत आहे. लगतच्या विद्याविहारला सोमैया शैक्षणिक संकुल आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या आगगाडीचा मार्ग याच भागातून गेला. आज त्याच मार्गावरून एका दिशेस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तर दुसऱ्या दिशेस अंबरनाथ गाठता येते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोमुळे अंधेरीची महाकाली लेणीही जवळ आली. तेथील चैत्यगृहात दालनाच्या आत स्तूपाभोवती वर्तुळाकार भिंत असून तिला जाळीदार खिडक्या कोरल्या आहेत. लाकडी गोल झोपडीची ही दगडी स्मृती बिहारमधील बराबर टेकडीवरील सुदामा लेण्याशी तुलना करण्याजोगी आहे. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणीही याच साष्टी बेटावर आहेत. म्हणजे मौर्यकालीन परंपरेच्या पडसादापासून व्हिक्टोरियन गॉथिकपर्यंतचा पट एका दिवसाच्या प्रवासात सामावतो.

याहून जवळचा, पण दुर्लक्षित विषय म्हणजे खुद्द घाटकोपर. पंतनगरसारख्या भागातील गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती पुनर्विकासात नाहीशा होत आहेत. मुंबईची वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. तिच्या यादीचा भर प्रामुख्याने शहर भागावर राहिला. सामायिक गॅलरी, मधले अंगण, जिना आणि पाण्याची टाकी यांच्या रचनेतून मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांचे जीवन कसे घडले, याचा पुरावा इमारत पाडताना नष्ट होतो. अजिंठ्याच्या जळालेल्या प्रतिकृतींमागे मूळ चित्रे तरी शिल्लक होती. येथे मूळच जाते आणि प्रतिकृतीही नसते.

संधी व अडचणी

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून मुख्य विषय, दुय्यम विषय व क्षेत्रप्रकल्प अशी रचना आली आहे. स्वतंत्र मुख्य विषय लगेच सुरू करणे बहुतेक महाविद्यालयांना शक्य होणार नाही. प्रशिक्षित अध्यापकांची वानवा आणि कार्यभाराचा प्रश्न या खऱ्या अडचणी आहेत. तथापि इतिहास मुख्य विषय असलेल्या विद्यार्थ्यास कला व स्थापत्य इतिहास दुय्यम विषय म्हणून देता येईल. त्याचा क्षेत्रप्रकल्प एका इमारतीच्या मोजणीचा, छायांकनाचा आणि रहिवाशांच्या मुलाखतींचा असावा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी परिभाषाही हाताशी आहे : गर्भगृह, मंडप, चैत्य, विहार हे शब्द त्याला परके नाहीत.

‘पुढे काय?’ हा पालकांचा प्रश्न टाळता येणार नाही. संग्रहालये, संवर्धन प्रकल्प, अभिलेखागारे आणि पर्यटन ही क्षेत्रे आहेत. परंतु तेथील जागा मर्यादित आहेत आणि प्रवेशाच्या वेळी हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

समारोप

अंबरनाथला १८६८ मध्ये पेन्सिल घेऊन गेलेले विद्यार्थी आणि तेथील लेख वाचणारे पंडित यांचे काम परस्परपूरक होते. शिक्षणव्यवस्थेने मात्र ते निरनिराळ्या दालनांत ठेवले. ही दालने जोडण्यासाठी घाटकोपरच्या महाविद्यालयांना नव्या इमारतीची गरज नाही. जुन्या इमारतींकडे वाचकाच्या आणि मोजणाऱ्याच्या अशा दोन्ही नजरांनी पाहणारा विद्यार्थी घडवणे पुरेसे आहे. पंतनगरची उरलेली जुनी इमारत पाडण्यापूर्वी तो तेथे पोहोचला पाहिजे.