परवचा

दिवेलागणीला शुभंकरोती झालं की आम्ही भावंडं देवघरासमोर मांडी घालून परवचा म्हणायचो. तिसापर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पावापासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे. आजी उंबऱ्याशी वाल सोलत ऐकायची. कुणी ‘चौदा आठे’ म्हणून अडखळलं की तिचे हात थांबत. ‘बारोदरसे’ ऐकू आलं की पुन्हा चालू.

आजी शाळेची पायरी चढली नव्हती. लहानपणी भाऊ परवचा म्हणत आणि ही चुलीपुढे बसून ऐके. तेवढ्यावर तिला औटकीसुद्धा पाठ. साडेतीन आणे शेराने सात शेर गूळ घेतला तर वाण्याच्या आधी ती सांगे, “दीड रुपया आणि अर्धा आणा.”

परवचा म्हणायची ही रीत पंतोजींच्या शाळेतली. ओसरीवर नाहीतर देवळात भरणाऱ्या त्या शाळांत मुलांच्या हाती छापील पुस्तक नव्हतं. धूळपाटीवर गिरवायचं आणि पुसायचं. लिहिलेलं टिकत नसे, म्हणून सगळा भरवसा पाठांतरावर. एक मोठा मुलगा पुढे उभा राहून सांगे, बाकीचे त्याच्यामागून म्हणत. छडीचा धाकही होता, त्याचं मला कौतुक नाही. आणि त्या ओसरीवर मुलींना, अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलांना जागा नव्हती. फुले दांपत्याने 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. माझ्या आजीच्या गावापर्यंत ते वारं पोचायला अर्धशतकही पुरलं नाही.

1 एप्रिल 1957 ला नवा पैसा आला. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. पावकी-औटकीचं काम संपलं, ती गेली हे ठीकच झालं. ‘औट’ आता औटघटकेच्या राजापुरता उरलाय. पण पावकी-औटकीबरोबर आपण परवचाही गुंडाळून ठेवला, याचं मला फार वाईट वाटतं. रोज, ठरल्या वेळी, पुस्तक मिटून, मोठ्याने, आणि घरातलं कुणीतरी ऐकत असताना म्हणायचं, ही त्यातली खरी ताकद होती.

मी तीस वर्षं गणित शिकवलं. प्रमेय पाच वेळा वाचून ‘झालं पाठ’ म्हणणारी हुशार मुलं पाहिली. पुस्तक मिटायला सांगितलं की दुसऱ्याच ओळीला गाडी अडायची. आपल्याला काय येत नाही, हे त्यांना परीक्षेच्या हॉलमध्ये कळायचं. आम्हाला ते रोज संध्याकाळी कळायचं, आजीचे हात थांबले की.

पालकांनो, टीव्ही बंद करून दहा मिनिटं मुलाजवळ बसा. इतिहास असो की विज्ञान, आज वर्गात जे झालं ते त्याला पुस्तक मिटून सांगू द्या. तो विषय तुम्हाला येत नसला तरी बसा. आमचं पुस्तक आजीला वाचता येत नव्हतं. ती रोज बसायची.