वीज, आरोग्य आणि रुपया : विधिमंडळातील डॉ. आंबेडकर

प्रस्तावना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले की संविधान आणि सामाजिक न्याय या दोन गोष्टी आपल्याला लगेच आठवतात. संविधान सभेत जाण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके ते विधिमंडळांत बसत होते, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. १९२७ मध्ये ते मुंबई विधान परिषदेचे नामनियुक्त सभासद झाले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी सरकारची बाजू मांडली. त्या काळी मजूर खात्याकडे कामगारांचे प्रश्न तर होतेच, शिवाय खाणी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते.

या पाठात त्यांचे चलन, सार्वजनिक आरोग्य आणि वीज या तीन विषयांवरील विचार पाहू. विषय वेगवेगळे असले तरी त्यांच्या मांडणीत एक प्रश्न वारंवार येतो : धोरण ठरवणारे एक आणि त्याचा भार सोसणारे दुसरेच, असे होत नाही ना?

१. रुपया आणि बँकव्यवस्था

विधिमंडळात येण्याआधीच आंबेडकरांचा हा विषय पक्का झाला होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा भारतात सुवर्ण विनिमय परिमाण होते. देशात चांदीचा रुपया आणि नोटा चालत, आणि परदेशी व्यवहारासाठी रुपयाचा पौंडाशी असलेला दर सरकार सांभाळत असे. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीची बाजू घेतली होती.

आंबेडकरांचा आक्षेप नेमका होता. विनिमय दर स्थिर ठेवणे वेगळे आणि रुपयाची देशातील खरेदीशक्ती स्थिर ठेवणे वेगळे. या पद्धतीत किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते, आणि त्या मर्जीला आपोआप आवर घालणारे काहीच नसते. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी उपाय सुचवला : रुपयाची टांकसाळ जनतेसाठी आणि सरकारसाठीही बंद करावी, सोन्याचे नाणे पाडावे, दोन्ही नाणी ठरावीक प्रमाणात कायदेशीर चलन म्हणून चालावीत, पण रुपयाच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन नसावे.

हा वाद तांत्रिक वाटतो. त्यामागचा हिशेब मात्र साधा आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला त्याच मालाचे जास्त रुपये मिळतात. बाजारातील भावही चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा आकाशातून पडत नाही, तो मजुराच्या ताटातून येतो. राष्ट्राचा फायदा म्हणून जे सांगितले जाते तो एका वर्गाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा असू शकतो, हे आंबेडकरांनी दाखवून दिले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘रिझर्व्ह बँक आंबेडकरांनी स्थापन केली’ असे विधान अनेकदा वाचायला मिळते. मध्यवर्ती बँकेची शिफारस हिल्टन यंग आयोगाने १९२६ च्या अहवालात केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ पासून बँक सुरू झाली. आंबेडकरांच्या साक्षीचा मुख्य विषय चलनाचे परिमाण हा होता. चलन काढणाऱ्याच्या हातात किती मोकळीक असावी, हा प्रश्न त्यांनी ठामपणे मांडला. त्यांचे मोठेपण सिद्ध करायला तेवढे पुरेसे आहे.

२. सार्वजनिक आरोग्य

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभ विधेयकावर आंबेडकर बोलले. कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती आणि त्या काळात भत्ता मिळावा, असे हे विधेयक होते. उद्योगावर बोजा पडेल, हा विरोधकांचा मुद्दा होता.

आंबेडकरांनी खर्च नाकारला नाही. तो कोणाचा, एवढेच त्यांनी विचारले. लोकांच्या कल्याणाची जबाबदारी मुळात सरकारची, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. पण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा सरकार पुढे येत नाही तोवर मालकाने भार घेणे न्याय्य ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला.

मजूर सदस्य असताना हाच विचार विम्याच्या रूपात पुढे आला. प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना १९४४ मध्ये सादर केली. तिच्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला. आजारपणाचा खर्च एकट्या आजारी माणसावर न टाकता मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून भागवायचा, हे या योजनेचे तत्त्व.

३. वीज

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरण समितीपुढे आंबेडकरांनी विजेवर भाषण केले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? सरकारी असेल तर केंद्राची की प्रांतांची? असे प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवले. मुबलक आणि स्वस्त विजेशिवाय औद्योगिकीकरण यशस्वी होणार नाही, हे त्यांचे सूत्र होते. जमिनीवर माणसांचा भार फार झाला आहे, तो हलका करायचा तर उद्योग हवेत, ही त्यांची भूमिका १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधापासूनची होती.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ‘मुबलक’ आणि ‘स्वस्त’ हे दोन शब्द एकत्र वाचावेत. विजेच्या खर्चाचा मोठा भाग धरण, यंत्रे आणि तारा उभारण्यात जातो. वापर वाढला की तो स्थिर खर्च जास्त युनिटांवर वाटला जातो. नुसत्या लहानशा शहरापुरती वीज काढणारी कंपनी हे साधू शकत नाही. म्हणून नियोजन मोठ्या प्रदेशाचे हवे. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच दिशेने.

दामोदर खोऱ्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. जुलै १९४३ मधील पुराने कलकत्त्याचे रेल्वे व रस्त्याचे दळणवळण तुटले. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याच्या बैठकीत आंबेडकरांनी केवळ पूरनियंत्रणावर न थांबता पाटबंधारे, वीज आणि जलवाहतूक एकत्र साधणारी योजना पुढे ठेवली. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये अस्तित्वात आले.

४. तत्त्व आणि व्यवहार यांची ओढाताण

कोळसा हे त्या काळी ऊर्जेचे मुख्य साधन. युद्धात कोळशाचा तुटवडा पडला, तेव्हा स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावरील बंदी सरकारने १९४३ मध्ये उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात यावर कडक टीका झाली आणि उत्तर देण्याची जबाबदारी आंबेडकरांवर आली. हा आणीबाणीचा, तात्पुरता निर्णय आहे आणि या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असा त्यांचा बचाव होता. बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली.

१९२८ मध्ये बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी बोलणारे आंबेडकर आणि १९४४ मध्ये खाणीतील स्त्रियांच्या कामाचे समर्थन करणारे आंबेडकर, दोघांनाही अभ्यासात जागा द्यायला हवी. कोळशाच्या टंचाईचा भार येथे स्त्रियांवर पडला, हे नाकारता येत नाही. त्याच काळात खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभारला गेला आणि खाणीतील प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा झाल्या, हेही नोंदवावे लागते. सत्तेत बसल्यावर तत्त्वाला किती मुरड घालावी लागते आणि त्या बदल्यात काय मिळवता येते, याचे हे उदाहरण आहे.

समारोप

आजच्या संविधानात बँकव्यवसाय केंद्र सूचीत, सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत आणि वीज समवर्ती सूचीत आहे. म्हणून हे तीन विषय आपण सहसा तीन वेगळ्या पुस्तकांत वाचतो. सामान्य घरात मात्र विजेचे बिल, औषधाचा खर्च आणि महागाई एकाच पगारातून भागवावी लागते. आंबेडकरांनी हिशेब त्या पगाराच्या बाजूने मांडला. कोणतेही धोरण तपासताना ‘देशाला किती फायदा?’ या प्रश्नापाशी थांबू नये. फायदा कोणाचा, भार कोणाचा आणि निर्णय कोणाच्या हातात, हे तिन्ही प्रश्न विचारावेत.

विचारासाठी प्रश्न

१. विनिमय दराची स्थिरता आणि किमतींची स्थिरता यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करा.
२. प्रसूती लाभाचा खर्च सरकार, मालक आणि कामगार यांच्यात कसा वाटला जावा? आपले मत कारणांसह लिहा.
३. खाणबंदी उठवण्याच्या निर्णयाचे आंबेडकरांनी केलेले समर्थन आपल्याला पटते का? दोन्ही बाजू मांडा.