न आलेला भाडेकरू

मालमत्ता कराची नोटीस आली की घरमालक आकडा बघतो आणि ‘एवढा कसा?’ म्हणतो. संशोधन करणाऱ्याने त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हा आकडा मोजतो तरी काय? मुंबईच्या बाबतीत उत्तर गमतीशीर आहे. १८८८ च्या महापालिका कायद्यातलं ‘करपात्र मूल्य’ म्हणजे घराची किंमत नव्हे, आणि हातात पडणारं भाडंही नव्हे. वर्षाच्या बोलीने घर द्यायचं ठरलं तर वाजवीपणे किती भाडं अपेक्षित आहे, त्यातून दुरुस्तीपोटी सरसकट १० टक्के वजा करायचे, आणि उरेल ते करपात्र मूल्य. म्हणजे मालक स्वतः राहत असला तरी त्याच्या घरात एक काल्पनिक भाडेकरू बसवायचा!

माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रातलं, त्यामुळे मला हा भाडेकरू परका वाटला नाही. आम्हीही घर्षण नसलेला पृष्ठभाग गृहीत धरून गणितं सोडवतोच. फरक इतकाच की आमच्या पृष्ठभागावर कुणी अपील करत नाही.

हा भाडेकरू आला इंग्लंडातून. तिथे १६०१ च्या गरीब-साहाय्य कायद्याने प्रत्येक पॅरिशने आपल्या रहिवाशांकडून कर गोळा करायचा होता, आणि आकारणी अन्यायाची वाटली तर तिमाही न्यायसत्रात अपील करता येत होतं. पण घराचं मूल्य काढायचं कसं, याला सगळीकडे एक माप नव्हतं. १८३६ च्या कायद्याने ते दिलं: वर्षागणिक वाजवीपणे अपेक्षित असलेलं भाडं. जवळजवळ तेच शब्द बावन्न वर्षांनी मुंबईच्या कायद्यात दिसतात. अपिलाची वाट मात्र इथली वेगळी होती. आधी आयुक्तांकडे तक्रार, तिचा निकाल लागला की लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील, तेही मागणीची रक्कम भरल्यावर. थोडक्यात, आधी भरा, मग भांडा. अपिलांच्या नोंदी वाचताना ही अट विसरू नका. ज्यांना रक्कम भरणंच परवडलं नाही, त्यांची तक्रार त्या नोंदींत सापडणार नाही.

खरी गंमत भाडेनियंत्रणानंतर झाली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं ‘प्रमाण भाडं’ १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधून टाकलं. त्याहून जास्त घेणं गुन्हा. मग काल्पनिक भाडेकरूने किती द्यायचं? बाजारभाव, की कायद्याचं भाडं?

कलकत्त्याच्या पद्मादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितलं की कायदाच जे भाडं घेऊ देत नाही, त्याची ‘वाजवी अपेक्षा’ धरता येणार नाही. तिथे प्रमाण भाडं ठरलेलं तरी होतं. गुंटूरच्या करदात्यांच्या खटल्यात ते ठरलेलंच नव्हतं. १९७० मध्ये न्यायालय म्हणालं, मग भाडे कायद्याची कसोटी लावून आकारणी करा. दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात १९७९ मध्ये हे टोकाला गेलं: मालकाला प्रत्यक्षात जास्त भाडं मिळत असलं तरी आकारणीची मर्यादा प्रमाण भाडंच.

मालकांच्या बाजूने हा न्याय सरळ होता. पण त्याचा भार कुणावर पडला? जुन्या इमारतींचं करपात्र मूल्य गोठलं, आणि शहराचा खर्च काही १९४० च्या भावात होत नव्हता. तो नव्याने बांधलेल्या, चढ्या भाड्याच्या घरांकडे सरकला. शेजारशेजारच्या दोन सारख्याच घरांची आकारणी कमालीची वेगळी, आणि दोन्ही कायदेशीर! माझ्या मते जुना मालक जिंकला तो नव्या घरवाल्याच्या खिशातून, आणि हा नवा घरवाला त्या खटल्यात पक्षकारही नव्हता.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. मुंबईतल्या भाड्यांचा इतिहास लिहायला कुणी आकारणीच्या नोंदवह्यांतून करपात्र मूल्यांचा आलेख काढला, तर जुन्या चाळींची रेघ बरीच वर्षं आडवी दिसेल. ‘भाडी स्थिर होती’ असा निष्कर्ष काढला की संपलं. पागडी या वहीत येत नाही. ती रेघ बाजाराची नाही, कायद्याची आहे.

१ एप्रिल २०१० पासून मुंबईत भाडेकरू गेला आणि ‘भांडवली मूल्य’ आलं. त्यातही कल्पना शिरलीच: मोकळ्या जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हे धरून आजचा कर. मालकांनी ते नियम उच्च न्यायालयात आव्हानले आणि २०१९ मध्ये जिंकले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की जमीन आज जशी आहे तशीच मोजा. म्हणजे २०१० नंतरचे आकडे आधीच्यांना जोडून एकच मालिका करता येणार नाही. तिथे रेघ तोडा, आणि तळटीपेत कलमाचा क्रमांक लिहा.